परदेशी माल, देशी विक्री : आयातदाराच्या नफ्याची मीमांसा
(लातूर व नांदेड येथील व्यापाराच्या संदर्भात)

परदेशात वस्तू स्वस्त मिळते आणि येथे ती महाग विकते. या दोन किमतींमधील अंतर म्हणजेच आयातदाराचा नफा, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ऑनलाइन विक्रीच्या सोयीमुळे ही समजूत अधिकच बळावली आहे. पूर्वी आयातीसाठी मुंबईत पेढी, गोदाम आणि दलाल लागत असत. आता पॅन क्रमांकाच्या आधारे आयात-निर्यात संकेतांक घरबसल्या मिळतो, परदेशी कारखानदाराशी पत्रव्यवहार भ्रमणध्वनीवर होतो आणि विक्रीसाठी दुकानही थाटावे लागत नाही. नांदेड व लातूर येथील अनेक पदवीधर तरुण या व्यवसायाचा विचार करताना दिसतात, यात नवल नाही.

परंतु किमतीतील अंतर म्हणजे नफा, हे समीकरण तपासून पाहिल्यास टिकत नाही. आयातदाराला जे मिळते ते मुख्यतः दोन गोष्टींचे मोल असते : माल मागविल्यापासून तो विकला जाईपर्यंतच्या काळातील अनिश्चिततेचे, आणि परदेशी उत्पादकाच्या वतीने स्वतःवर घेतलेल्या दायित्वाचे. ही दोन ओझी ज्याला पेलतात त्यालाच या व्यवसायात नफा उरतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम एका किरकोळ वस्तूचा हिशेब मांडला आहे, आणि नंतर ज्या मालाचा अनुभव लातूरच्या बाजारपेठेला सर्वांत अधिक आहे त्या तुरीचे उदाहरण घेतले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यापारी नफ्याची उपपत्ती अर्थशास्त्रात जुनी आहे. रिचर्ड कँटिलन याच्या १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्यापारी म्हणजे निश्चित किमतीस विकत घेऊन अनिश्चित किमतीस विकणारा मनुष्य, अशी कल्पना मांडलेली आढळते. फ्रँक नाईट याने १९२१ मध्ये या विचाराला अधिक काटेकोर रूप दिले. ज्या संकटाची संभाव्यता मोजता येते ती ‘जोखीम’ होय. तिचा विमा उतरविता येतो, आणि म्हणून विम्याचा हप्ता हा एक साधा खर्च ठरतो. जिची संभाव्यता मोजताच येत नाही ती ‘अनिश्चितता’. खरा नफा तिच्यातूनच उद्भवतो, आणि खरा तोटाही. जहाजात माल भिजणे ही पहिल्या प्रकारची गोष्ट आहे. जहाज वाटेत असताना सीमाशुल्क बदलणे ही दुसऱ्या प्रकारची.

मराठवाड्याला सीमेवरील कर ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राज्यात ‘करोडगिरी’ या नावाने जकातीचे स्वतंत्र खाते होते आणि मुंबई इलाख्यातून येणाऱ्या मालालाही त्याचे नाके ओलांडावे लागत. १९०० मध्ये गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गाने नांदेड जोडले गेले आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, तेव्हा या भागातील व्यापाऱ्याचा दूरच्या बंदरांशी नियमित संबंध जडला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि पुढे ही अंतर्गत सीमा लोपली. तरी समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर आत असलेल्या बाजारपेठेची मूळ अडचण कायमच आहे : न्हावाशेवा येथे उतरलेला माल मोंढ्यात किंवा वजिराबादेतील दुकानात पोहोचेपर्यंत त्यावर आणखी काळ आणि आणखी खर्च चढतो.

२. बंदरातील किंमत आणि विक्रीची किंमत

आता एका काल्पनिक वस्तूचा हिशेब पाहू. तिची परदेशातील किंमत, जहाजभाडे व विमा मिळून बंदरात होणारे मूल्य १०० रुपये आहे असे समजू. सीमाशुल्क साधारणतः याच एकत्रित मूल्यावर आकारले जाते, कारखान्याच्या दारातील किमतीवर नव्हे. नवशिक्या आयातदाराच्या हिशेबातील पहिली त्रुटी येथेच असते. मूळ सीमाशुल्काचा दर २० टक्के धरल्यास २० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २ रुपये. हा अधिभार २०१८ पासून अस्तित्वात आहे, व काही वस्तूंना त्यातून सूट आहे. येथवर बेरीज १२२ रुपये झाली. या १२२ रुपयांवर १८ टक्के दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर २१ रुपये ९६ पैसे होतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला या कराची वजावट पुढे मिळते, म्हणून तो अंतिम खर्चात धरावयाचा नाही. परंतु माल विकला जाईपर्यंत तेवढे भांडवल अडकून राहते, हे विसरता कामा नये. सीमाशुल्क दलालाची फी, बंदरातील हाताळणी आणि नांदेडपर्यंतचे भाडे मिळून नगास १० रुपये धरू. एकूण पडता खर्च १३२ रुपये.

ही वस्तू ऑनलाइन विक्रीमंचावर २५० रुपयांना विकली जाते असे मानू. खरेदीच्या शंभर रुपयांशी तुलना केली, तर अडीच पट भाव मिळाल्याचा भास होतो. परंतु २५० रुपयांत १८ टक्के कर अंतर्भूत आहे. तो वजा जाता २११ रुपये ८६ पैसे उरतात. मंचाचे कमिशन, घरपोच पोहोचविण्याचा आकार आणि जाहिरात मिळून विक्रीकिमतीच्या २५ टक्के, म्हणजे ६२ रुपये ५० पैसे गेले, तर हाती १४९ रुपये ३६ पैसे येतात. नगामागे नफा १७ रुपये ३६ पैसे.

येथवर व्यवसाय फायद्याचा दिसतो. आता शंभर नग मागविले आणि त्यांपैकी दहा ग्राहकांकडून परत आले, व ते पुन्हा विकण्याजोगे राहिले नाहीत, असे समजू. शंभर नगांचा खर्च १३,२०० रुपये. नव्वद नगांची निव्वळ प्राप्ती १३,४४२ रुपये ४० पैसे. परतीच्या प्रत्येक नगावर ४० रुपये खर्च धरल्यास आणखी ४०० रुपये वजा. हिशेबाअंती १५७ रुपये ६० पैसे तोटा उरतो. यात गुंतलेल्या भांडवलाचे व्याज नाही आणि व्यापाऱ्याच्या स्वतःच्या श्रमाचे मोल तर नाहीच.

या उदाहरणातील आकडे गृहीत धरलेले आहेत; वस्तुपरत्वे ते बदलतील. परंतु रचना बदलत नाही. शंभर रुपयांची वस्तू अडीचशेला विकूनही जो तोटा झाला तो भाव कमी मिळाला म्हणून झालेला नाही. परतीच्या मालाचे प्रमाण आधी ठाऊक नव्हते, म्हणून झाला. दुकानातील विक्रीत ग्राहक वस्तू हाताळून, पारखून घेतो; ऑनलाइन विक्रीत ही पारख विक्रीनंतर होते आणि तिचा खर्च बहुधा विक्रेत्यावर पडतो. शिवाय परदेशी भांडवल असलेल्या विक्रीमंचांना २०१६ मध्ये स्पष्ट केलेल्या धोरणानुसार सामान्यतः स्वतःचा साठा ठेवून किरकोळ विक्री करता येत नाही. मालाची मालकी विक्रेत्याकडेच राहते. अर्थात कमिशन मंचाला निश्चितपणे मिळते आणि साठ्याची अनिश्चितता लहान विक्रेत्याकडे राहते. कँटिलनने सांगितलेली भूमिका आज कोण बजावतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. दायित्वाचे स्थानांतर

आयातदार हा कायद्याच्या दृष्टीने केवळ मध्यस्थ नाही. परदेशातील कारखानदारापर्यंत भारतीय ग्राहकाचा किंवा न्यायालयाचा हात सहसा पोहोचत नाही. म्हणून कायद्याने त्याच्या जागी आयातदाराला उभे केले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील वस्तुविक्रेत्याच्या व्याख्येत आयात करणाऱ्याचा स्पष्ट समावेश आहे. वस्तूच्या दोषामुळे हानी झाली आणि उत्पादक अज्ञात असला, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. दूरच्या कारखान्यात राहिलेल्या दोषाची भरपाई अशा रीतीने नांदेडच्या विक्रेत्याकडून मागितली जाऊ शकते.

यास जोडून इतर बंधने येतात. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील असावा लागतो. ऑनलाइन व्यापाराविषयीच्या २०२० च्या नियमांनी मूळ देशाची माहिती ग्राहकाला खरेदीपूर्वी मिळणे आवश्यक केले. कुरिअरने ‘स्वतःच्या उपयोगासाठी’ म्हणून आणलेली वस्तू पुढे विकणे हा तर सरळ नियमभंग होय. भेटवस्तू म्हणून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या मालाची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये रद्द करण्यात आली, तिच्यामागे हाच गैरवापर होता.

खेळण्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले. २०२३ मध्ये ते ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचे चिन्ह अनिवार्य झाले. हा परवाना कारखान्याला मिळतो, आयातदाराला नव्हे. अर्थात परदेशी कारखानदाराने भारतीय मानक ब्यूरोकडून परवाना घेतलेला नसेल, तर लातूरच्या आयातदाराने कितीही शुल्क भरण्याची तयारी दाखविली तरी माल बंदरातून सुटणार नाही. शुल्क वाढले तर हिशेब बिघडतो. मानक लागू झाले तर व्यवसायच थांबतो. या दोन गोष्टींतील भेद अभ्यासकांनी ध्यानी घ्यावा.

४. काळाची किंमत : तुरीचा अनुभव

किरकोळ वस्तूंच्या बाबतीत जे लहान प्रमाणावर दिसते ते लातूरच्या डाळ व्यवसायात मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. लातूर ही तुरीची अग्रगण्य बाजारपेठ आणि डाळमिलांचे केंद्र. आसपासच्या जिल्ह्यांतील तूर येथे येते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेल्या बीडीएन ७११ व ७१६ या वाणांची नावे मोंढ्यातील अडत्यांच्याही परिचयाची आहेत. परंतु मिलला वर्षभर कच्चा माल हवा असतो, आणि मराठवाड्यातील तूर काढणीस येते ती डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात. ही पोकळी म्यानमार व पूर्व आफ्रिकेतील तूर भरून काढते. मोझांबिक, मलावी, टांझानिया येथील पीक आपल्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात निघते आणि त्याची जहाजे आपली नवी तूर बाजारात येण्याच्या आधीच्या महिन्यांत किनाऱ्यास लागतात. आयातदाराचा फायदा आणि स्थानिक शेतकऱ्याचा भाव हे या वेळापत्रकाने एकमेकांत गुंतलेले आहेत.

२०१५ च्या अखेरीस तूरडाळीचा किरकोळ भाव किलोस २०० रुपयांच्या आसपास गेला. पुढील जुलैमध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. त्यानुसार आयात २०१६-१७ मधील एक लाख टनांपासून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर न्यावयाची होती. परंतु त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, चढ्या भावामुळे पेराही वाढला, आणि देशातील तुरीचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेले. २०१७ च्या प्रारंभी बाजारभाव बोनससह ५,०५० रुपये या आधारभूत किमतीच्या खाली घसरला आणि खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के शुल्क बसले. ऑगस्टमध्ये मुक्त आयात बंद होऊन वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली. मे २०२१ मध्ये ती उठली. मार्च २०२३ मध्ये अख्ख्या तुरीवरील शुल्कही माफ झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही मुक्त आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली.

आठ वर्षांत एकाच वस्तूवर इतकी वळणे आली. ज्या व्यापाऱ्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये सौदा केला आणि ज्याचा माल एप्रिलमध्ये बंदरात लागला, त्याला सौद्याच्या दिवशीचा शुल्कदर मिळाला नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या १५ व्या कलमानुसार देशात वापरावयाच्या मालास सामान्यतः ‘बिल ऑफ एन्ट्री’ हे घोषणापत्र सादर होण्याच्या दिवशीचा दर लागू होतो. आणि ते जहाज येण्यापूर्वीच सादर केले असल्यास जहाजाच्या प्रवेशाच्या दिवशीचा. रुपयाचा विनिमयदरही घोषणापत्राच्या दिवशी अधिसूचित असेल तोच. परिमाणात्मक बंदी आली तर ज्याने आधीच अपरिवर्तनीय पतपत्र उघडून त्याची विहित मुदतीत नोंद केली आहे त्याला परकीय व्यापार धोरणात काही संरक्षण आहे. परंतु लहान आयातदार बहुधा आगाऊ रक्कम पाठवून माल मागवितो आणि या संरक्षणाबाहेर राहतो.

माल ताब्यात आल्यावरही काळ आयातदाराच्या स्वाधीन नसतो. जून २०२३ मध्ये तूर व उडीद यांवर साठामर्यादा लादताना आयातदाराने सीमाशुल्कातून सुटलेला माल तीस दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये, असा आदेश निघाला. भाव चढेपर्यंत थांबणे हा व्यापाऱ्याचा जुना उपाय त्यामुळे बंद झाला. दुसऱ्या टोकालाही अडथळे आहेत : २०२३ च्या उत्तरार्धात मोझांबिकमधील एका वादामुळे नाकाला बंदरात तुरीचा माल अडकून पडला होता. सागरी विमा अशा गोष्टींची भरपाई क्वचितच करतो. नाईटच्या परिभाषेत ही जोखीम नसून अनिश्चितता आहे.

५. नफा कोणाचा, भार कोणाचा?

वरील दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा फरक आहे. लातूरच्या डाळमिल मालकाजवळ अनिश्चितता पचविण्याची काही साधने आहेत. तो स्थानिक आणि परदेशी तूर मिसळून वापरू शकतो. एकाचा भाव चढला तर दुसरीकडे वळतो. डाळीबरोबर निघणारी चुणी व टरफल पशुखाद्य म्हणून विकून तो काही खर्च भरून काढतो. मालावर प्रक्रिया करून तो मूल्य वाढवितो. केवळ किमतीच्या अंतरावर अवलंबून राहत नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एकट्या तरुणाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याची वस्तू आणखी दहाजणही त्याच कारखान्याकडून मागवू शकतात, आणि मंचावरील भावांची तुलना ग्राहक क्षणात करतो. स्पर्धेने किमतीतील अंतर मिटते. अनिश्चितता मात्र तशीच राहते.

तिसरा घटक शेतकऱ्याचा. आयातीचे धोरण ग्राहकाला स्वस्त डाळ मिळावी म्हणून सैल होते, आणि ते योग्यही असेल; परंतु त्याचा भार पेरणी करून बसलेल्या उत्पादकावर पडतो. २०२४-२५ साठी तुरीची आधारभूत किंमत ७,५५० रुपये होती आणि २०२५ मध्ये बाजारभाव बराच काळ तिच्या खाली राहिला. २०२५-२६ साठी ती ८,००० रुपये झाली. शेतकऱ्याचा निर्णय जूनमध्ये होतो आणि त्याचा माल जानेवारीत विकला जातो. दरम्यानच्या सात महिन्यांत निघालेली कोणतीही अधिसूचना त्याच्या भावावर परिणाम करते. या अर्थाने मराठवाड्याचा तूर उत्पादक हा आयात न करताही आयात व्यापारातील अनिश्चितता सोसणारा भागीदार आहे. फरक इतकाच की, या भागीदारीत त्याला नफ्याचा वाटा नाही.

ऑनलाइन विक्रीने या चित्रात एक नवी शक्यता मात्र निर्माण केली आहे. मूळ स्थानाची माहिती देणे जेव्हा बंधनकारक होते, तेव्हा स्थान हेच मूल्याचे कारण होऊ शकते. २०२४ मध्ये निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक निर्देशन मिळाले. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला व काष्टीच्या कोथिंबिरीलाही ते मिळाले. परदेशी तुरीची डाळ बोरसुरीच्या नावाने विकणे आता १९९९ च्या कायद्याखाली दंडनीय ठरू शकते. आयातदार ज्याची नक्कल सहज करू शकत नाही असा माल याच भूमीत आहे, आणि विक्रीमंच जसा परदेशी वस्तू आत आणतो तसाच हा माल बाहेरही नेऊ शकतो.

६. समारोप

वरील विवेचनाचा अर्थ आयात व्यापार करू नये असा नाही. पोकळी भरून काढणारा व्यापारी समाजाची सेवाच करीत असतो, आणि २०१५ सारख्या टंचाईच्या वर्षी ती सेवा मोलाची ठरते. परंतु जो या व्यवसायात उतरू इच्छितो त्याने परदेशातील भाव विचारण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत : या वस्तूला भारतीय मानक अनिवार्य आहे काय, व असल्यास त्या कारखान्याजवळ परवाना आहे काय, सौदा आणि घोषणापत्र यांमध्ये किती दिवस जातील, व तेवढ्यात शुल्क दहा टक्क्यांनी वाढल्यास व्यवहार तग धरील काय, शंभरांतील किती नग परत आल्यावर नफा शून्य होतो, आणि वस्तूने कोणाला इजा झाल्यास भरपाई देण्याची आपली ऐपत आहे काय. या चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तर असेल, तर किमतीतील अंतर लहान असले तरी व्यवसाय उभा राहील. नसेल, तर अंतर कितीही मोठे दिसो, ते दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जमा होईल.

विद्यार्थ्यांसाठी येथे संशोधनाचे एक क्षेत्रही खुले आहे. लातूर बाजार समितीतील दैनंदिन भाव आणि सीमाशुल्क अधिसूचनांच्या तारखा या दोन्ही गोष्टी सार्वजनिक अभिलेखात उपलब्ध आहेत. त्या शेजारी शेजारी मांडून एखादी अधिसूचना निघाल्यावर किती दिवसांत मोंढ्यातील भाव हलतो, आणि तो भाव आधी अडत्याच्या वहीत उतरतो की शेतकऱ्याच्या पट्टीवर, हे पाहता येईल. नफा कोणाचा आणि भार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदींतूनच मिळावयाचे आहे.